अण्णांचो स्टार्ट परत मिळालो

वेंगुर्ल्यात आमचं काजूचं छोटं दुकान आहे. जुना पीसी दगावला आणि नवा विंडोज ११ चा आला, तर अण्णा पहिल्याच दिवशी ओरडले, "माझो स्टार्ट खंय गेलो?" बटण कोपऱ्यातून मधे सरकलेलं. त्यांचा हात पंधरा वर्षं डाव्या कोपऱ्यातच जातोय.

बटण डावीकडे आणणं सोपं: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, त्यात टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट'. पण मेनू उघडला की तेच चौकोनी आयकॉन. अण्णांना हवी होती एकाखाली एक नावांची यादी.

मग ओपन-शेल टाकलं, म्हणजे जुन्या धाटणीचा स्टार्ट मेनू देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे. मूळ क्लासिक शेलचं काम २०१७ मध्ये थांबलं, तेच पुढे स्वयंसेवकांनी ओपन-शेल नावाने चालवलं. रेंज अंगणातल्या माडाखालीच मिळते, म्हणून फाइल मोबाइलवर तिथे उतरवली. स्टार्ट मेनू स्टाइलमध्ये 'विंडोज ७' निवडलं, बिलांची एक्सेल फाइल सगळ्यात वर पिन केली. नवा मेनू लागलाच तर शिफ्ट दाबून क्लिक.

अण्णांनी चष्मा पुसला, कोपऱ्यात क्लिक केलं, बिल काढलं. मला एक सोलकढी मिळाली.