वारीत पोर्ट्रेट काढायचेत? मग विसाव्याला काढा

ज्येष्ठ लागला की मेसेज सुरू होतात, ताई यंदा वारी शूट करायचीये, कुठली लेन्स घेऊ. लेन्सचं सांगतेच, पण त्याआधी एक. वारीतले चांगले पोर्ट्रेट चालत्या दिंडीत मिळत नाहीत, ते विसाव्याला मिळतात. चालणारा माणूस भजनात असतो, त्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरून उलटं चालत राहायचं म्हणजे त्यालाही त्रास आणि मागच्या रांगेलाही. तोच माणूस दुपारी झाडाखाली पाय पसरून बसला की दहा मिनिटं मनापासून बोलतो, आणि फोटो त्या दहा मिनिटांत होतो.

तारखा आधी बघा, कारण त्या दरवर्षी हलतात. आषाढी २०२३ ला २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला. फ्रीलान्सरनी त्या हिशोबानं आधीचे तीन आठवडे मोकळे ठेवायचे किंवा निदान चार दिवस सलग. मी सांगतेय ते आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेचं. एका दिवसासाठी येणारे बहुतेक जण दिवे घाटात येतात, घाटाची वळणं माणसांनी भरलेली, फ्रेम सुंदर असतेच, पण पोर्ट्रेटसाठी तो दिवस कठीण, कारण पुण्याहून सासवडचा टप्पा लांब आणि चढाचा, सगळे दमलेले. मी म्हणेन सासवडच्या पुढं या. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव. शहरातली गर्दी मागं पडलेली असते, चालणाऱ्यांची लय बसलेली असते आणि माणसं निवांत भेटतात.

एकच दिंडी धरा, हे अगदी महत्त्वाचं. दिंड्यांना नंबर असतात, पालखीच्या रथापुढची अमुक, रथामागची तमुक, तो नंबर वहीत लिहून ठेवा कारण गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही आणि नंबर माहीत असला की कुणीही रस्ता दाखवतं. पहिल्या दिवशी विणेकऱ्यांना आणि दिंडी चालवणाऱ्यांना भेटायचं, नमस्कार करायचा, कशासाठी काढतोय ते सरळ सांगायचं. त्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहिला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तेच लोक हाक मारतात, माउली चहा घ्या.

आता लेन्स. ३५ आणि ८५ एमएम, बास. ८५ नसेल तर ५० एफ १.८ घ्या, स्वस्त आहे आणि पुरते. पण एफ १.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, काढू नका, म्हाताऱ्या माणसाचा चेहरा म्हणजे सुरकुत्या, कपाळावरचा गोपीचंदनाचा टिळा, बुक्का, चष्म्याची दोरी, हे सगळं दिसायला हवं, फक्त एक डोळा शार्प आणि कान धुरकट असं नको. एफ २.८ ते ४, शटर १/२५० च्या खाली नाही. फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, नंतर सुधारता येते.

खरी अडचण पांढऱ्याची असते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि उन्हानं रापलेला चेहरा. फ्रेम पांढऱ्यानं भरली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, कॅमेरा सगळं गडद करतो आणि चेहरा काळवंडतो, तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ द्या, म्हणजे फोटो थोडा उजळ होतो. उलट मागं अंधार असेल तर तोच कॅमेरा टोपी जाळून टाकतो, नुसती पांढरी करतो, म्हणजे मीटरवर भरवसा नाही, हायलाइटची लुकलुक चालू ठेवा (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) आणि चेहऱ्याकडं बघून ठरवा. टोपीची कड जरा गेली तर जाऊ द्या. पण ऊन कडक असेल तर सेटिंगशी झगडण्यापेक्षा जागा बदला. गावातलं कुठलंही घर बघा, पुढं पडवी असते. माणसाला पडवीच्या कडेपासून दोनेक फूट आत, तोंड रस्त्याकडं करून बसवा. समोरच्या आभाळाचा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो, मागं घरातला अंधार राहतो आणि त्या अंधारावर पांढरी टोपी कोरल्यासारखी उठून दिसते. लिंबाखाली बसवलंत तर पानांचा हिरवा रंग गालावर उतरतो, व्हाइट बॅलन्स नंतर नीट करावा लागेल. ढगाळ दिवस असेल तर नशीबच, कुठंही काढा.

"हसा" म्हणू नका. "इकडं बघा" पण नको. विचारा, कितवी वारी? आणि गप्प राहा. माणूस मनात मोजायला लागतो, कुठल्या साली आई होती, कुठल्या साली मुलगा पहिल्यांदा बरोबर आला, ते सगळं चेहऱ्यावर येतं. दुसरा प्रश्न, पेरणी उरकून आलात का? पाऊस लांबला असेल तर उत्तराआधीच डोळे सांगतात. वाल्ह्याजवळ एक आजी तळपायाला खोबरेल चोळत बसल्या होत्या, टाचेच्या भेगांत काळी माती गच्च. डोक्यावरचं तुळशीवृंदावन शेजारी फडक्यावर ठेवलेलं. मी विचारलं, माउली एक फोटो काढू का, तर म्हणाल्या थांब, हात पुसते. पुसले, पदर सारखा केला आणि मग वृंदावन उचलून मांडीवर घेतलं, म्हणाल्या हिला सोडून माझा एकटीचा नको. तेलानं चमकणारी बोटं आणि तुळशीची ओली पानं. ते मला सुचलं नसतं.

रिंगण, म्हणजे मोकळ्या मैदानात अश्व गोल धावतो तो सोहळा, काढायचं तर शटर १/१००० किंवा वर, आणि दोरीच्या बाहेरून. पण अश्व धावून गेला की लेन्स माणसांकडं वळवा, लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात, तिथं बघा. रात्री मुक्कामावरच्या समाजआरतीला चोपदारांचा दंड वर गेला की टाळ-मृदंग क्षणात थांबतात. त्या शांततेत फ्लॅश अजिबात नको, आयएसओ ३२०० किंवा ६४०० करा, सायलेंट शटर लावा, फक्त एलईडीच्या उजेडात सायलेंटला पट्टे येतात म्हणून दोन फोटो आधी तपासून घ्या.

पावसासाठी शॉवर कॅप आणि दोन जाड पिशव्या, बॅगेत सिलिका जेल. बॅटऱ्या चार तरी. रोज झोपायच्या आधी कार्ड हार्ड डिस्कवर उतरवायचं, कितीही पाय दुखले तरी.

आता परवानगीचं. मी सुरुवातीला एका आजोबांचा फोटो एका एजन्सीला दिला, वारीवरच्या लेखासाठी असं समजून, लेखी काहीच घेतलं नाही. तो सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीवर छापून आला. आजोबा वीसेक वारी चाललेले, तेलाचा काही संबंध नाही. त्यांच्या गावी जाऊन पाय धरले, ते काही बोलले नाहीत, चहा दिला. तेव्हापासून क्लायंटकडून वापर लेखी घेते, लेख की जाहिरात, किती काळ, कुठं. आणि जाहिरातीसाठी असेल तर त्या माणसाला मराठीत वाचून दाखवून सही, आणि मानधनातला वाटा. हे जमत नसेल तर फोटो विकायचा नाही.

आणि प्रिंट पाठवा. वहीत पूर्ण पत्ता घ्या, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड, जमलं तर नातवाचा नंबर. व्हॉट्सॲपवर पाठवाच पण कागदावरचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लागतो. मी ६ बाय ८ चे काढते, पुठ्ठा घालून पोस्टानं, दिवाळीच्या आत. मागं नाव, गाव आणि कुठल्या मुक्कामावर काढला ते लिहा, बॉलपेन त्या कागदावर नीट उठत नाही, बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर एकावर एक ठेवलेत की शाई खालच्या चेहऱ्यावर उतरते.