सोल हाताने शिवायचा की मशीनवर? आणि हाताने शिवायचा तर कसा

पंचवटीत आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच असतो, दादा हाताने शिवता ना? मशीन म्हटलं की चेहरा पडतो. पण हे असं सरसकट नसतं हो, आधी कुठली शिवण ते बघायला पाहिजे. माझं मत सांगून टाकतो: अप्पर (वरचा भाग) मशीनवर, तळ हाताने, आणि जिथे पट्टा तळात घुसतो तिथे तर हातानेच.

कारण समजून घ्या. मशीनच्या टिपेत दोन दोरे असतात, वरचा रीळाचा आणि खालचा बॉबिनचा (म्हणजे मशीनच्या खालच्या छोट्या रिळाचा), ते चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात बस. वरचा वरच राहतो, खालचा खालीच. त्यामुळे तळाकडचा दोरा दगडावर घासून तुटला की वरच्याला धरायला काही उरत नाही आणि शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या हातशिवणीत दोरा एकच, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही टोकं आरपार जातात. एक टाका तुटला तरी दुसरं टोक तिथून गेलेलंच असतं, ते धरून ठेवतं.

हे मला शिकवलं श्रावणाने. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्या एका काकांच्या चपला घाईत होत्या म्हणून मी तळ मशीनवर मारून दिला, दिसायला एकदम सरळ रेघ. मंगळवारी काका आले, एका चपलेचा तळ पुढून अर्धा लोंबत होता, बॉबिनचा दोरा खडकावर तुटला आणि बाकीचं चालता चालता सुटत गेलं. पावसात, चिखलात, त्या वयाचा माणूस एक पाय अनवाणी घेऊन चालला. पैसे परत दिले पण ते मनातून जात नाही. तेव्हापासून चालण्यासाठी आलेली चप्पल, मग फेरीची असो की निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्याची, मी हातानेच शिवतो.

आता मशीनची बाजू पण सांगायला हवी. अप्परचं चामडं पातळ, शिवण लांब आणि वळणांची, तिथे मशीन हातापेक्षा चांगलंच, आणि ती शिवण जमिनीला घासत पण नाही. फक्त इंचाला ८ ते १० टाके ठेवा, जास्त नको. कापडाचं भोक मिटतं, चामड्याचं कधीच मिटत नाही, म्हणून टाके फार दाट झाले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडं तिथूनच फाटतं. आणि आधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर टीप मारून बघा. खालून दोऱ्याचे फास लोंबताना दिसले तर वरचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) ढिलं आहे, बॉबिनचा दोरा वर डोकावतोय तर वरचं जास्त घट्ट आहे.

बुटांच्या सोलसाठी वेगळी मशिनं असतात. १८५८ साली अमेरिकेत लायमन ब्लेकने पेटंट घेतलेलं मशीन इनसोल (पायाखालचा आतला थर) आणि सोल थेट एकत्र शिवतं, बूट हलका होतो पण टाका आतपर्यंत जातो म्हणून पाणी पण आत जातं, नाशिकच्या जुलैत ते कळतंच. गुडइयर वेल्ट पद्धतीच्या बुटात मध्ये चामड्याची पट्टी असते, तीच वेल्ट, सोल त्या पट्टीला शिवतात, त्यामुळे सोल बदलणं सोपं. पण तिथेही एक फरक आहे, हाताने वेल्ट लावणारा कारागीर इनसोलच्या चामड्यातच कड कोरून त्यात टाका घालतो, मशीनवाल्यात बहुतेकदा कापडी पट्टीची कड सोल्युशनने (चिकटवायच्या डिंकाने) चिकटवलेली असते, ती सुटली की सगळंच हलतं.

विकत घेताना कसं ओळखायचं? मशीनचे टाके मोजून मारल्यासारखे सारखे असतात. हाताचे थोडे तिरपे, अंतर एखाद्या ठिकाणी कमीजास्त. आणि सोलच्या कडेला दिसणारा दोरा नखाने उचकून बघा, पुष्कळदा तो दोरा नसतोच, रबरात उठवलेली नक्षी असते आणि सोल नुसता चिकटवलेला असतो. कोल्हापुरीचं गणित निराळं, खऱ्या कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने हाताने शिवलेली असते. २०१९ ला तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. वादी भिजली की सैल होते म्हणून पावसात ती घालू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नाही.

आता घरी चपलेचा तळ शिवायचा असेल तर. लागेल काय, एक आरी (भोकं पाडायची), दोन बोथट सुया, जाड पॉलिस्टरचा दोरा (सुती दोरा आपल्या पावसात कुजतो), मेण, रापी (चामडं कापायची सुरी). जुना दोरा पूर्ण काढा, अर्धवट ठेवू नका, आणि आतले गंजके खिळे पण काढा कारण गंज चामडं खातो. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून जरा सुकू द्या, मग दाबा. कडेपासून ३-४ मिलिमीटर आत रापीने हलकी खाच पाडा, टाका खाचेत बसला की जमिनीला घासत नाही, हे केलंच पाहिजे, आमच्याकडे येणारे निम्मे तळ फक्त खाच नाही म्हणून उसवलेले असतात. मग आरीने भोकं, इंचाला ५-६. आरी सरळ धरा, तिरपी गेली की वरची रांग एकीकडे आणि खालची भलतीकडे. चामडं कडक असेल तर ओल्या फडक्याने थोडं दमट करा.

दोरा शिवणीच्या पाचपट घ्या. पूर्ण तळाला एकदम नका घेऊ, अर्धा अर्धा करा, एक वावभर (दोन्ही हात पसरून होतो तेवढा) दोरा अर्ध्याला पुरतो, लांब दोरा ओढून ओढून झिजतो. मेण दोन-तीनदा चोळा. पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही बाजू सारख्या करा, चप्पल गुडघ्यात धरा. मग उजवी सुई आधी, डावी नंतर, हा क्रम शेवटपर्यंत मोडू नका, मोडला की टाक्याचा तिरपेपणा बदलतो. दुसरी सुई घालताना पहिला दोरा एका बाजूला ताणून धरा नाहीतर सुई दोऱ्यातच घुसते, दिसत नाही पण तो टाका नंतर आवळला जात नाही. दोन्ही हातांनी सारखा जोर.

बंद बुटात मात्र आतून सुई घालता येत नाही, तिथे आम्ही टोकाला खाच असलेली आरी वापरतो, आतल्या दोऱ्याचा फास बाहेर ओढायचा आणि बाहेरचा दोरा त्यातून न्यायचा. लक्षात घ्या, हा हाताचा असला तरी मशीनसारखाच अडकवलेला टाका झाला, फक्त दोरा जाड आणि मेणाचा. म्हणून मी वेळ असेल तेव्हा फास न ठेवता पूर्ण टोकच बाहेर काढतो आणि बाहेरचं टोक आत देतो. कारागिराला तुम्ही एवढं विचारा, टोक पूर्ण काढता का? वेळ दुप्पट लागतो, पैसे पण त्याप्रमाणे द्या.

शेवटी तीन भोकं मागे या, दोरा कापा, लायटरने टोक जरासं वितळवून दाबा. खाचेवरून हातोडीने हलकं ठोका म्हणजे टाके बसतात. एक दिवस न घालता ठेवा, सोल्युशन पक्कं होऊ द्या.