घडीच्या सायकलवर सामान न्यायचंय? कॅरियर शेवटी, आधी बिजागरी

फोल्डिंग सायकल फ्लॅटमध्ये दाराआड मावते म्हणून ठाण्यात, नवी मुंबईत बरेच जण घेतात आणि मग लगेच कॅरियर शोधायला लागतात, दळण, भाजी, पोराचं दप्तर सगळं तिच्यावरच न्यायचं असतं. खरंच न्या, खूप कामाची गोष्ट आहे. पण आधी बिजागरी बघा, म्हणजे सायकल जिथे दुमडते ते सांधे.

एका हाताने पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकला, दुसऱ्या हाताचं बोट फ्रेमच्या सांध्यावर ठेवा, मग हेच हँडलच्या खालच्या सांध्यावर. बोटाला टकटक लागली तर सांध्यात प्ले आहे, म्हणजे तो ढिला आहे. सांधा आवळणारी लिव्हर बंद करताना साधारण अर्ध्यावर आल्यापासून जोर लागायला हवा, अलगद बंद होत असेल तर तिचा नट पाव फेरा आवळा आणि परत बघा, एकदम गच्च नको. मोबाईलच्या टॉर्चने वेल्डिंगजवळ रंगात केसासारखी रेघ दिसतेय का तेही बघा. दिसली तर सायकल चालवणं तिथेच बंद. ॲल्युमिनियम फ्रेम कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडून वेल्ड करून घेऊ नका, त्या उष्णतेने आजूबाजूचा धातूच मऊ पडतो. फ्रेमला फ्रिजचं मॅग्नेट चिकटलं नाही तर ॲल्युमिनियमच समजा.

सीटचा दांडा सरकत असेल तर बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा, तेल ग्रीस काही लावू नका, आणि परत बसवताना दांड्यावरची मिनिमम इन्सर्शनची (निदान इतका आत हवा अशी) खूण बाहेर दिसेल इतका तो कधीच वर ठेवू नका.

आता चाक. टायर घेताना नुसतं "20 इंची द्या" म्हणू नका, त्यात 406 आणि 451 मिलिमीटर असे दोन वेगळे रिम येतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या टायरवर 47-406 असं काहीतरी छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून दुकानात न्या. मागच्या चाकाच्या स्पोकच्या जोड्या बोटांनी दाबून बघा, एखादी ढिली लागली तर वजन टाकायच्या आधी चाकाचा आऊट काढून घ्या, म्हणजे स्पोक आवळून चाक सरळ करून घ्या.

मग कॅरियर. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा, बाकीचे हादऱ्यांनी सुटतात. वजन जितकं खाली तितकं बरं, म्हणून वर क्रेट रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंना पिशव्या. पॅडल मारताना टाच लागत असेल तर पिशव्या थोड्या मागे घ्या, पण फार मागे गेल्या तर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल हातात राहत नाही. हँडलला पिशवी अजिबात अडकवू नका, तो लांब दांडा खालच्या सांध्यावर सगळा जोर टाकतो. 20 लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे सरळ 20 किलो, कॅरियरवर लिहिलेली मर्यादा वाचूनच ठेवा. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मस्त.

ब्रेक पॅडवरच्या खाचा संपल्या असतील तर बदला, पावसात घोडबंदर रोडवरची ओली माती पॅडमध्ये अडकून रिम खरवडते म्हणून तेव्हा आठवड्यातून एकदा तरी पॅड आणि रिम पुसा.

पहिला लोड घेऊन सोसायटीतच एक चक्कर मारा, उतारावर ब्रेक दाबून बघा आणि परत आलात की सगळे नट आणि दोन्ही लिव्हर पुन्हा तपासा.