जुन्या पद्मिनीत पंखा आणि धुक्याचे दिवे बसवताना

नागपूरचा मे महिना आणि बिनएसीची जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, म्हणजे डॅशबोर्डवर छोटा पंखा आलाच. मागोमाग मोबाईल चार्जर येतो. डिसेंबरात पहाटे वर्धा रोडला लागलं की पुढे पिवळे दिवेही हवेसे वाटतात. लावा राजेहो, हौसेला मोल नाही. फक्त मूळ वायरिंगला कात्री लावू देऊ नका. सोललेल्या वायरीवर दुसरी वायर गुंडाळून वर काळी टेप मारली, की आपल्या उन्हात तिचा डिंक पाघळतो आणि जॉइंट उघडा पडतो.

आधी हिशेब करा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ५५ वॅटचे दोन दिवे ११० वॅट खातात, १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या थोडं वर. गाडीत अजून डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज बनवणारं जुनं यंत्र) असेल तर त्याच्या पट्टीवरचा आकडा वाचा. समजा २२ अँपिअर आहे. हेडलाइट, वायपर, इग्निशन यांतच त्यातले बरेचसे जातात. शिवाय आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन मंद सुरू असताना, डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, व्हरायटी चौकाच्या सिग्नलला सगळा भार बॅटरीवर. तिथे पंखा चालू ठेवा, धुक्याचे दिवे बंद.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची अर्थकडची, म्हणजे गाडीच्या बॉडीला गेलेली केबल काढा, तीच पहिली. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर जाळ निघतो. पद्मिनीत निगेटिव्ह अर्थ असते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थही सापडते, म्हणून कोणती केबल बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. अशा गाडीत चार्जर सरळ जोडला तर उलटी लाइन मिळून तो जळतो.

आता दिव्यांची लाइन. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून २.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड वायर घ्या आणि बॅटरीपासून वीतभराच्या आतच १५ अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज वायरीला वाचवतो, दिव्याला नाही. तो दिव्याजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावर पडली म्हणून समजा. फ्यूजमधून वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या टोकाला, ८७ मधून दिव्यांना, ८५ अर्थला. ८६ ला डॅशबोर्डच्या स्विचमधून लाइन द्या आणि त्या स्विचला चावी फिरवल्यावरच करंट येईल अशी घ्या, म्हणजे उतरल्यावर दिवे सुरू राहत नाहीत. रिलेची कॉइल अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी घेते, म्हणून जुन्या स्विचवर भार येत नाही.

पंखा-चार्जरला वेगळी लाइन आणि वेगळा ५ अँपिअरचा फ्यूज. मूळ फ्यूजबॉक्समधला चिनीमातीचा पांढरा ८ अँपिअरचा फ्यूज काढून तिथे लाल १६ चा ठोकणारे महाभाग आहेत. तसं केलं की फ्यूज शाबूत राहतो आणि वायर जळते.

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट घाला, पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पेट्रोलच्या नळीपासून वायर दूर ठेवा. अर्थसाठी क्रोमच्या बंपरवर विसंबू नका. दिव्यापासून स्वतंत्र वायर आणा, बॉडीचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) दातेरी वॉशरसह कसा आणि वर व्हॅसलिन फासा.

फ्यूज लगेच घालू नका. त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा, सगळे स्विच बंद ठेवा, मग बॅटरी जोडा. बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब करंट अडवून धरतो, म्हणून वायर जळायच्या आत दोष सापडतो. एकेक जोड सुटा करत जा, बल्ब विझेल तिथे चोर.

सगळं ठीक असेल तर फ्यूज घाला, दिवे पेटवा आणि मल्टीमीटरने बॅटरीवरचं व अगदी दिव्याच्या टोकावरचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर आधी अर्थ तपासा, मग थिंबल. पावसाळ्यानंतर हे पुन्हा एकदा बघा. बॉनेटखाली उंदीर शिरले असतील तर वायरींची कुरतडलेली टोकंही त्याच वेळी दिसतील.