दहावी सुरू होताना विज्ञानाची नैदानिक चाचणी: प्रश्न कसे काढावेत, उत्तरं कशी वाचावीत

दहावीला विज्ञानाचे दोन पेपर, प्रत्येकी 40 गुणांचे, आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण. जूनमध्ये वर्ग भरतो तेव्हा मात्र शिक्षकाला गुणांशी देणंघेणं नसतं. नववीतलं काय पक्कं आहे आणि कुठे उलटीच समजूत बसली आहे, एवढं कळायला हवं असतं. नैदानिक चाचणी ती याचसाठी. त्यासाठी जुनी घटक चाचणी पुन्हा काढून उपयोग नाही. ‘व्याख्या लिहा’ आणि ‘शास्त्रीय कारणे लिहा’ यांची उत्तरं गाईडमधून पाठ झालेली असतात. पाठांतराच्या आड चुकीची समजूत सुखाने नांदते.

35 मिनिटांच्या तासिकेत 12 प्रश्न पुरेत: भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकी चार. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, खाली ‘असं का?’ म्हणून एक ओळ मोकळी, आणि शेजारी ‘खात्री’ की ‘अंदाज’ यावर गोल करायची जागा. एका प्रश्नाला दोन मिनिटं धरली तर 24 मिनिटं होतात. उरलेली वाटप, सूचना आणि उशिरा येणाऱ्यांत जातात. 20 प्रश्न घातले की शेवटचे कोरे राहतात, आणि मग येत नव्हतं की वेळ पुरला नाही हे कळत नाही. याच कारणासाठी दोन संच करा आणि दुसऱ्यात प्रश्नांचा क्रम उलटा लावा. सेमी इंग्रजीचा वर्ग असेल तर त्वरण आणि अ‍ॅक्सिलरेशन, रोध आणि रेझिस्टन्स असे दोन्ही शब्द छापा. नाहीतर चाचणी विज्ञानाची न राहता शब्दांची होते.

सगळी मेहनत चुकीच्या पर्यायांवर करायची. चुकीचा पर्याय म्हणजे मुलाच्या डोक्यातली खरी चूक असली पाहिजे. ती टेबलाशी बसून सुचत नाही. तोच प्रश्न आधी दुसऱ्या तुकडीला पर्यायांशिवाय विचारा आणि जी चुकीची उत्तरं वारंवार येतात तीच पर्याय म्हणून घ्या. ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘यापैकी नाही’ यांतून काहीच कळत नाही, ते वगळा.

भौतिकात हमखास चालणारा प्रश्न: चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटला आणि अजून वर चालला आहे, हवेचा रोध सोडला तर त्यावर कोणती बलं आहेत? पुष्कळ मुलं ‘हाताचं बल वर, गुरुत्व खाली’ निवडतात. खरं उत्तर फक्त गुरुत्व. न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ असलेली मुलंही इथे घसरतात.

गणितं घालताना आकडे जपून निवडा. 2 ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर परिणामी रोध 1 ओहम. 1/2 + 1/2 करून व्यस्त घ्यायला विसरलेल्या मुलाचंही उत्तर 1 येतं! त्याऐवजी 6 आणि 3 ओहम द्या: बरोबर उत्तर 2, व्यस्त विसरला तर 0.5, एकसर समजला तर 9. कोणता पर्याय निवडला यावरून चूक थेट दिसते. गतिज ऊर्जेतही वेग 2 ठेवू नका, कारण 2 चा वर्ग आणि 2 ची दुप्पट एकच. 4 किलोग्रॅम आणि 3 मी/से घेतलं तर बरोबर 18 ज्यूल, वर्ग विसरल्यास 6, अर्ध विसरल्यास 36.

रसायनात समीकरण संतुलित करायला सांगू नका. ते यांत्रिकपणे जमतं. हायड्रोजनचे 4 रेणू आणि ऑक्सिजनचे 4 रेणू गोलांनी काढून विचारा: पाण्याचे किती रेणू होतील, काय उरेल? उत्तर 4, आणि ऑक्सिजनचे 2 रेणू उरतात. ज्याला सहगुणक (सूत्राच्या आधी लिहायचा आकडा) आणि पादांक (सूत्रात खाली लिहायचा आकडा) यांतला फरक कळलेला नाही तो इथे लगेच सापडतो. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं, हाही असाच प्रश्न: वाफ, हवा, की हायड्रोजन आणि ऑक्सिजन?

जीवशास्त्रात व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञाचा प्रयोग आकड्यांसकट द्या. सुमारे 90 किलो कोरड्या मातीत 2.3 किलोचं विलोचं रोप, 5 वर्षं फक्त पाणी. झाड झालं सुमारे 77 किलो, माती घटली जेमतेम 57 ग्रॅम. वाढलेलं वजन आलं कुठून? ‘मातीतून’ लिहिणाऱ्याने दिलेले आकडे वाचलेच नाहीत. ‘फक्त पाण्यातून’ हा हेल्माँटचाच निष्कर्ष, त्याला अर्धे गुण द्या. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं नाव घेणाऱ्यालाच प्रकाशसंश्लेषण कळलं आहे. जोडीला, वनस्पती श्वसन केव्हा करतात हे विचारा. ‘फक्त रात्री’ या चुकीच्या उत्तराला भरपूर मतं पडतात.

दुसऱ्या तासिकेला एक प्रात्यक्षिक करा: वस्तुमान अक्षय्यतेचं, म्हणजे अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही हे दाखवणारं. बाटलीच्या तोंडाला फुगा लावून करतात ती पद्धत टाळा. 5 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरेशा व्हिनेगरमध्ये पडला की सुमारे 1.4 लिटर वायू होतो. तेवढ्या फुगलेल्या फुग्यावर हवेचं प्लावक बल (वर उचलणारं बल) येतं आणि काटा सुमारे दीड ग्रॅम कमी दाखवतो. म्हणजे जे सिद्ध करायचं त्याच्या उलटंच मुलांना दिसतं. शीतपेयाची 500 मिलीची प्लास्टिक बाटली घ्या. तीत 30 मिली व्हिनेगर, आणि टिश्यू पेपरच्या पुडीत 1 ग्रॅम सोडा. बाटली, झाकण, पुडी एकत्र 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. आता मुलांना ‘वाढेल, घटेल, तेवढंच राहील’ यांपैकी एक पेनाने लिहायला लावा आणि कागद गोळा करा, कारण नंतर खोडाखोड होतेच. पुडी टाकून झाकण घट्ट लावा. कागद भिजेपर्यंत काही क्षण मिळतात. फेस थांबल्यावर वजन तेवढंच दिसेल. मग बाटली चेहऱ्यापासून दूर धरून झाकण हळू उघडा, पुन्हा लावा आणि वजन करा: सुमारे 0.4 ग्रॅम घट. बाटली काचेची नको, आणि सोडा वाढवू नका.

तपासताना एकूण गुणांची यादी करू नका. प्रत्येक प्रश्नापुढे अ, ब, क, ड किती जणांनी निवडलं ते मांडा. 40 मुलांच्या वर्गात नुसत्या अंदाजाने साधारण 10 जण बरोबर येतात. त्यामुळे 11 बरोबर म्हणजे जवळपास कुणालाच येत नाही असं धरा. एकाच चुकीच्या पर्यायावर तिसरा हिस्सा वर्ग गेला असेल आणि त्यातल्या बहुतेकांनी ‘खात्री’वर गोल केला असेल, तर तो घटक सगळ्यांना नव्याने शिकवायला लागेल. चुका चारही दिशांना विखुरल्या असतील तर आधी प्रश्नाची भाषा तपासा. उत्तर बरोबर पण कारण चुकीचं असेल तर ते बरोबर धरू नका.

फेरचाचणी दोन-तीन आठवड्यांनी घ्या. तोपर्यंत चेंडूचं उत्तर वर्गभर झालेलं असतं, म्हणून तिथे कॅरमच्या स्ट्रायकरने उडवलेली सोंगटी घ्या आणि ती सरकत असताना तिच्यावर कोणती बलं आहेत ते विचारा.