मृत्युदराच्या तक्त्यावरून टर्म विम्याचा हप्ता कसा काढावा

टर्म विम्यात मुदतीच्या आत मृत्यू झाला तर ठरलेली रक्कम वारसाला मिळते. माणूस मुदत संपेपर्यंत हयात राहिला तर काहीच मिळत नाही. बोनस नाही, परतावा नाही. त्यामुळे आयुर्विम्याच्या प्रकारांत याचा हिशेब सर्वांत सरळ आहे आणि साध्या स्प्रेडशीटवर अर्ध्या तासात होतो. तत्त्व एकच: सगळ्या विमाधारकांकडून येणाऱ्या हप्त्यांचे आजचे मूल्य (पुढे मिळणारी रक्कम व्याज वजा करून आज किती मोलाची, तो आकडा) आणि द्याव्या लागणाऱ्या दाव्यांचे आजचे मूल्य सारखे असले पाहिजे. मृत्युदर, म्हणजे त्या वयाच्या माणसांपैकी वर्षभरात मरण पावणाऱ्यांचे प्रमाण, वयानुसार तक्त्यात दिलेला असतो. वयानुसार हप्ता ठरवण्याची ही रीत जुनी आहे. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेसलाऊ शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता मांडला आणि १७६२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटी या विमा संस्थेने वयावर आधारलेला, वर्षानुवर्षे न बदलणारा हप्ता प्रत्यक्षात आणला.

उदाहरणासाठी वय ४०, मुदत ५ वर्षे, विमा रक्कम १०,००,००० आणि व्याजदर वार्षिक ६ टक्के धरू. खाली वापरलेले मृत्युदर केवळ गणितासाठी मानलेले आहेत. प्रत्यक्षात ते तुमच्या तक्त्यातून घ्यायचे.

१. योग्य तक्ता निवडा

सगळ्या देशाच्या लोकसंख्येचा तक्ता आणि विमाधारकांचा तक्ता यांत मोठा फरक असतो. विमा घेणारा माणूस तपासणीतून पार पडलेला असतो, म्हणून त्याच्या वर्गाचा मृत्युदर सहसा कमी असतो. लोकसंख्येचा तक्ता वापरला तर हप्ता उगाच चढा निघतो. काही तक्त्यांत विमा घेतल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांचे दर वेगळे दिलेले असतात, कारण नुकत्याच झालेल्या वैद्यकीय तपासणीचा परिणाम हळूहळू ओसरतो. असा तक्ता असेल तर ४० व्या वर्षी विमा घेतलेल्याचा ४२ व्या वर्षीचा दर आणि ३० व्या वर्षी घेतलेल्याचा ४२ व्या वर्षीचा दर एक नसतो. ओळ आणि रकाना दोन्ही नीट पाहून घ्या.

वय कसे मोजले आहे तेही तपासा. मागच्या वाढदिवसाचे वय, जवळच्या वाढदिवसाचे वय आणि पुढच्या वाढदिवसाचे वय या तिन्ही पद्धती चालतात. तक्ता एका पद्धतीचा आणि अर्जातले वय दुसऱ्या पद्धतीचे असेल तर अर्ध्या ते एका वर्षाची चूक सगळ्या हिशेबभर पसरते.

२. हयात आणि मृतांचे रकाने तयार करा

वय ४० च्या १,००,००० लोकांपासून सुरुवात करा. त्या वयाचा मृत्युदर गुणिले हयात संख्या म्हणजे त्या वर्षातले मृत्यू. ते वजा केले की पुढच्या वर्षीचे हयात मिळतात.

| वय | मृत्युदर | वर्षारंभी हयात | वर्षातले मृत्यू |
|---|---|---|---|
| ४० | ०.००२० | १,००,०००.०० | २००.०० |
| ४१ | ०.००२२ | ९९,८००.०० | २१९.५६ |
| ४२ | ०.००२४ | ९९,५८०.४४ | २३८.९९ |
| ४३ | ०.००२७ | ९९,३४१.४५ | २६८.२२ |
| ४४ | ०.००३० | ९९,०७३.२३ | २९७.२२ |

अपूर्णांकातली माणसे पाहून बिचकू नका. ही सरासरी आहे, पूर्ण आकड्यात बदलायची गरज नाही. मृत्युदर मात्र दर हजारी दिलेला आहे की थेट अपूर्णांकात, ते पाहा. हजारी २ म्हणजे ०.००२. हा घोटाळा झाला तर उत्तर हजारपटीने चुकते, म्हणून निदान लगेच लक्षात तरी येते.

३. दाव्यांचे आजचे मूल्य काढा

आत्तापुरते दावा वर्षअखेरीस दिला जातो असे धरू. एका वर्षानंतर द्यायच्या १ चे आजचे मूल्य १ ÷ १.०६ = ०.९४३३९६. दोन वर्षांसाठी हाच आकडा स्वतःशी गुणायचा, तीन वर्षांसाठी आणखी एकदा. अशा रीतीने पाचव्या वर्षाचा गुणक ०.७४७२५८ येतो. प्रत्येक वर्षातल्या मृत्यूंना त्या वर्षअखेरच्या गुणकाने गुणले की अनुक्रमे १८८.६८, १९५.४१, २००.६६, २१२.४६ आणि २२२.१० मिळतात. बेरीज १,०१९.३१.

ती १,००,००० ने भागून १०,००,००० ने गुणा: १०,१९३.०७. पाच वर्षांचे संरक्षण एकाच वेळी पैसे भरून घ्यायचे असेल तर हा निव्वळ एकरकमी हप्ता. निव्वळ म्हणजे खर्च आणि नफा न धरता.

४. हप्त्यांचे आजचे मूल्य काढा

सर्वांत जास्त गल्लत इथे होते. १०,१९३.०७ ला पाचने भागून २,०३८.६१ काढण्याचा मोह होतो, पण हा हप्ता जवळजवळ ११ टक्के कमी पडतो. कारणे दोन: पुढे येणारे हप्ते आजच्या हप्त्याइतके मोलाचे नसतात आणि मरण पावलेले लोक हप्ता भरत नाहीत. म्हणून भाजक पाच नसतो. दर वर्षी १ भरणाऱ्या हयात लोकांच्या रकमांचे आजचे मूल्य हा खरा भाजक.

हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला जातो, त्यामुळे पहिल्या हप्त्याला व्याजाची कपात लागत नाही. दुसऱ्याला एका वर्षाची, तिसऱ्याला दोन वर्षांची, असे पुढे. वर्षारंभी हयात असलेल्यांना त्या गुणकांनी गुणून येतात १,००,०००.००, ९४,१५०.९४, ८८,६२६.२३, ८३,४०९.०० आणि ७८,४७५.२८. बेरीज ४,४४,६६१.४५, म्हणजे माणशी ४.४४६६१५.

चुकून दाव्यांचेच गुणक हप्त्यांनाही लावले तर भाजक ४.१९४९ होतो आणि हप्ता बरोबर ६ टक्के जास्त निघतो. उत्तर नेमके व्याजदराएवढे फुगलेले दिसले तर प्रथम हीच चूक शोधा.

५. भागाकार

१०,१९३.०७ ÷ ४.४४६६१५ = २,२९२.३२. हा निव्वळ वार्षिक हप्ता.

६. उत्तर पडताळून पाहा

ही पायरी बरेच जण गाळतात, गाळू नये. एका पॉलिसीमागची शिल्लक वर्षागणिक चालवायची. मागची शिल्लक अधिक हप्ता, त्याला १.०६ ने गुणा, त्यातून मृत्युदर गुणिले विमा रक्कम वजा करा आणि उरलेल्याला (१ वजा मृत्युदर) ने भागा, कारण शिल्लक हयात असलेल्यांतच वाटली जाते. पहिल्या वर्षी (२,२९२.३२ × १.०६ − २,०००) ÷ ०.९९८ = ४३०.७२. पुढची वर्षे ६८७.९४, ७६०.९०, ५३७.८६ आणि शेवटी शून्य. पैशांचा किरकोळ फरक दशांश तोडल्यामुळे राहतो, तो सोडून द्या. शेवटी शून्य आले नाही तर कुठेतरी चूक आहेच.

मधल्या शिल्लकेकडेही बघा. पहिल्या वर्षाची जोखीम एकट्या त्या वर्षापुरती विकली असती तर २,००० ÷ १.०६ = १,८८६.७९ पुरले असते. शेवटच्या वर्षाला २,८३०.१९ लागले असते. समान हप्त्यात सुरुवातीला जास्त घेतलेले पैसे नंतरच्या महाग वर्षांसाठी राखून ठेवले जातात. तो राखीव निधी कंपनीचा नफा नव्हे.

७. वास्तवाशी जुळवून घ्या

मृत्यू वर्षभर होतात, फक्त वर्षाच्या शेवटच्या दिवशी नाही. सरासरीने ते वर्षाच्या मध्यावर धरायचे तर एकरकमी हप्त्याला १.०६ च्या वर्गमुळाने, १.०२९५६ ने, गुणा. वार्षिक हप्ता २,३६०.०९ होतो.

मासिक हप्ता हवा असेल तर वार्षिक हप्त्याला नुसते बाराने भागू नका. वर्षाच्या मध्येच मृत्यू झाला तर उरलेले हप्ते येत नाहीत, आणि उशिरा आलेल्या पैशांवरचे व्याजही बुडते. भाजकातून ११/२४ × (१ − मुदतीअखेर हयात राहण्याची शक्यता × त्या वेळचा गुणक) वजा करायचे, हा प्रचलित अंदाज. आपल्या उदाहरणात ९८,७७६ लोक ४५ व्या वर्षापर्यंत पोचतात, म्हणून कंस १ − ०.७३८१ = ०.२६१९ आणि भाजक ४.३२६६. दावा वर्षअखेरीसच धरून मासिक हप्ता १९६.३३ येतो, बाराने भागून १९१.०३ आला असता.

८. खर्च घाला

समजा सुरुवातीचा खर्च ५००, पॉलिसी सांभाळण्याचा दर वर्षीचा खर्च १००, कमिशन पहिल्या हप्त्यावर २० टक्के आणि नंतर ५ टक्के. ५ टक्के सर्वच हप्त्यांवर आणि पहिल्यावर जादा १५ टक्के, अशी फोड केली की समीकरण सुटसुटीत होते:

हप्ता × (०.९५ × ४.४४६६१५ − ०.१५) = १०,१९३.०७ + ५०० + १०० × ४.४४६६१५

उजवी बाजू ११,१३७.७३, कंस ४.०७४२८४, हप्ता २,७३३.६७. निव्वळ हप्त्याला सरसकट टक्केवारी चढवू नये, कारण ५०० चा खर्च विमा रक्कम लहान असो वा मोठी, तेवढाच राहतो. मोठ्या रकमेचा विमा दर हजारी स्वस्त का पडतो, त्याचे कारण हेच. ग्राहकाने दुसऱ्याच वर्षी पॉलिसी सोडली तर सुरुवातीचा खर्च वसूल होत नाही; पॉलिसी सोडण्याचे प्रमाण जास्त असेल तर त्याचाही बोजा धरावा लागतो. सुरक्षेसाठीची वाढ आणि नफा यानंतर येतात.

कोणत्या गृहीतकावर जास्त डोके लावायचे?

व्याजदर ६ वरून ४ टक्क्यांवर आणला तर निव्वळ हप्ता २,२९२ वरून २,३४५ होतो, जेमतेम सव्वादोन टक्क्यांची वाढ. मृत्युदर सरसकट १० टक्के वाढवले तर हप्ताही जवळपास १० टक्के वाढतो. अल्प मुदतीच्या टर्म विम्यात व्याजावर वाद घालण्यापेक्षा तक्ता किती जुना आहे, धूम्रपान करणारे आणि न करणारे वेगळे केले आहेत का, हे पाहण्यात वेळ घालवावा. मुदत लांबली की व्याजाचे वजन वाढते.

आजारामुळे जास्त जोखीम असलेल्या अर्जदाराला १५० टक्के मृत्युदर लावायचा ठरला तर दुसऱ्या पायरीतल्या प्रत्येक दराला दीडने गुणा आणि हयातीचा रकाना पुन्हा बांधा. तयार हप्त्यालाच दीडपट करणे चूक आहे, कारण कागदपत्रांचा आणि सांभाळाचा खर्च आजारामुळे दीडपट होत नाही. फार मोठ्या वयात असा गुणाकार करताना दर १ च्या वर जाणार नाही याची मर्यादा सूत्रातच घालून ठेवा.