स्ट्रॅप सैल ठेवा: काइटसर्फिंग आणि गुडघा

मी नागपुरात प्रतापनगरला राहते, अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते आणि डिसेंबरच्या सुट्टीत रामेश्वरमला काइटसर्फिंग करायला जाते, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने, पायाखालच्या बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावायला. हे ऐकलं की लोक आधी समुद्राचं विचारतात, मग वयाचं. उजव्या गुडघ्याखाली बोटभर व्रण आहे, तो दिसला की पुढचं कुणी विचारत नाही. ऑपरेशननंतर आई उशाशी बसून म्हणाली होती, "काऊन वं, संक्रांतीले गच्चीवर पतंग उडवून मन नाही भरलं तुझं?"

त्या गुडघ्याचं खापर मी बरेच दिवस वाऱ्यावर फोडलं. चूक स्ट्रॅपची, म्हणजे बोर्डवर पाऊल धरून ठेवणाऱ्या पट्ट्याची होती, आणि तो मीच आवळला होता. उडी मारताना बोर्ड पायातून निसटायचा, म्हणून वेल्क्रो ओढून ओढून घट्ट लावला. बोर्ड निसटणं थांबलं. तिसऱ्या दिवशी पाण्यावर आडवी उतरले, डावा पाय सुटला, उजवा अडकला आणि आतून 'टक्' असा आवाज आला. एसीएल नावाचा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटला होता.

गुडघा ही बिजागरी आहे. वाकणं-सरळ होणं हे तिचं काम, गोल फिरणं नाही. खुबा चांगला फिरतो, घोटाही बऱ्यापैकी वळतो, मधला गुडघा मात्र बिचारा दोघांच्या मध्ये सापडतो. पतंगाची ओढ कमरेच्या हार्नेसवर (रुंद पट्ट्यावर) येते, तिथून मांडी, गुडघा, घोटा, बोर्ड आणि पाणी अशी खाली उतरते. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत तिरका बांधलेला दोर. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि पिळू नये, हे तो बघतो. बोर्ड पाण्यात अडून बसला आणि अंग पतंगामागे वळलं की हाच दोर आधी ताणला जातो.

पोरांना टॉर्क शिकवताना मी पंक्चरवाल्याचा पाना दाखवते: दांडा जितका लांब, तितका नट लवकर हलतो. साधा बोर्ड सुमारे १४० सेंटिमीटर लांब असतो. दोन्ही पाय त्यात असतील तर पीळ वाटला जातो. एक सुटून दुसरा अडकला, की बोर्ड झाला पाना आणि तुमचा गुडघा झाला नट.

म्हणून पहिलं काम किनाऱ्यावर, तेही पाय ओले करून. कोरडा पाय पावलाखालच्या रबरी पॅडला चिकटतो आणि स्ट्रॅप बरोबर बसल्याचा भास होतो. ओला पाय घाला, टाच उचला, पाऊल जरा तिरकं करा. हात न लावता पाय बाहेर आला पाहिजे. दोन्ही स्ट्रॅप सारखेच सैल हवेत. एक घट्ट, एक ढिला हे दोन्ही घट्ट असण्यापेक्षाही वाईट. मग पॅडचे स्क्रू बघा. दोन्ही पावलांचे चवडे थोडे बाहेर वळलेले आणि पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त, इतकं पुरे. फार फाकवून उभं राहिलं की गुडघे आत झुकतात. बांधायचे बूट घालून युक्त्या करणारे लोक वेगळे. त्यांचा पाय सुटतच नाही, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यावर येणारा पीळही मोठा. पहिली दोन-तीन वर्षं तरी त्या वाटेला जाऊ नका.

दुसरं, उडीवरून उतरणं. गुडघे सर्वात जास्त इथेच जातात. वारा ज्या दिशेला चाललाय तिकडे बोर्डाचं नाक वळवून उतरायचं. बोर्ड वाऱ्याला आडवा टेकला तर त्याची कड पाण्यात रुतते, तो थांबतो, आणि पतंग तुम्हाला ओढतच राहतो. पतंग डोक्यावर तसाच राहिला तर शेवटचे दोन मीटर दगडासारखे पडता. म्हणून टेकण्याच्या जरा आधी तो पुढे, जायच्या दिशेला खाली आणायचा. तो तुम्हाला पुढे ओढतो आणि आदळणं घसरण्यात बदलतं. टेकताना गुडघे आधीच वाकलेले हवेत. ताठ पायाने उतरणाऱ्याला मी लांबूनच ओळखते, पाण्याचा आवाज फटकन येतो.

उतरताना घोळ होतोय असं वाटलं तर बोर्ड वाचवायला जाऊ नका. बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा, पुढे सोडा. गच्चीवर आपण ढील देतो ना, तेच. पतंगाची ओढ कमी होते. पाय बाहेर काढा आणि खुशाल पाण्यात पडा.

वाऱ्याचं गणित क्लासमध्येही सांगते, कारण ते कुणाला खरं वाटत नाही. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १५ नॉटचा वारा २० झाला तर ओढ नुसती एक तृतीयांशाने वाढत नाही, जवळजवळ पावणेदोनपट होते. म्हणून शेजारचे लोक पतंग बदलायला किनाऱ्यावर येऊ लागले, की १२ चौरस मीटरचा गुंडाळून ९ चा काढायचा. "अजून एक फेरी" म्हणणाऱ्यांत मीही होते.

रामेश्वरमच्या उथळ, सपाट पाण्यात शिकायला मजा येते, आणि तिथेच एक खोच आहे. गुडघाभर पाण्यात उडी मारून उतरलात तर बोर्डाच्या तळाचे फिन, म्हणजे छोटे पंख, वाळूत रुततात आणि बोर्ड जागच्या जागी थांबतो. कमरेएवढं पाणी नसेल तिथे उडी नाही. दमल्यावरही नाही. दोन तास झाले की मी फक्त सरळ चालवते, कारण थकलेली मांडी गुडघ्याला धरून ठेवत नाही.

आता नागपुरात करायचं काम. समुद्र आपल्यापासून लांब आहे, हे इथे फायद्याचं आहे: निघण्याआधी आठ आठवडे हातात असतात. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास.

जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहा आणि दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला हळू टेकवा. समोर आरसा ठेवा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आत झुकला तर तिथेच थांबा, वजन-बिजन वाढवू नका. हा एकच व्यायाम करायला मिळाला तर हाच करा. मुलींनी विशेष मनावर घ्यावं, कारण उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत एसीएल तुटण्याचं प्रमाण बायकांत जास्त आढळतं आणि उतरताना गुडघे आत झुकणं हे त्याचं एक कारण मानलं जातं.

मग फूटभर उंच पाटावरून खाली उडी, आवाज न करता. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या नाहीत म्हणजे जमलं. मांडीच्या मागच्या स्नायूंना विसरू नका, ते नडगीला मागे धरून एसीएलचा भार हलका करतात: गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी टाचा दाबून धरायच्या आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. माझ्या टाचा माझा भाऊ धरतो आणि मोबाइल बघत मध्येच सोडतो. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं मिनिटभर. आजोबांच्या पद्धतीच्या बैठका चांगल्या, पण गुडघा दुखत असेल तर पूर्ण खाली जाऊ नका. रविवारी सेमिनरी हिल्सचा उतार हळू उतरते. चढण्यापेक्षा उतरताना मांडीचा कस लागतो. उन्हाळ्यातही हे चालू ठेवलं तर सकाळी साडेपाचला, नंतर नागपुरात सावलीही भाजते.

दुकानात मिळणारा गुडघ्याचा घट्ट मोजा ऊब देतो आणि धीर देतो. दोर तुटायचा तो त्याने थांबत नाही.

इतकं करूनही झालंच तर? पाण्यात असाल तर सेफ्टी, म्हणजे पतंगाची ओढ तोडणारी कळ, सोडून पतंग पाडा, बोर्डाला धरून तरंगा, हात हलवून मदत बोलवा. किनाऱ्यावर पाय उंच, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, वर फार न आवळलेली पट्टी. तेल लावून मालिश, शेक, दारू यातलं काही नको. मला एका ओळखीच्याने मोठ्या प्रेमाने चोळून दिलं आणि रात्रीपर्यंत गुडघा टरबुजाएवढा झाला.

'टक्' आवाज आणि तासा-दोन तासांत सूज म्हणजे बहुतेक सांध्यात रक्त साचलंय, एसीएलची शंका घ्या. सूज दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकतोय, सरळ होत नाही, तर गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटलेली असू शकते. पाऊल गार पडलं किंवा बधिर झालं तर तिथलंच मोठं रुग्णालय गाठा, नागपूरची वाट बघू नका. परतीच्या लांब प्रवासात तासातासाला घोटा हलवत राहा, पाय एका जागी ठेवला तर रक्ताची गुठळी होऊ शकते.

एक्स-रेत दोर दिसत नाही. मला पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून "नुसतं मुरगळलंय" म्हणून परत पाठवलं होतं. नागपूरच्या धंतोलीत पावलागणिक दवाखाने आहेत. त्यातला असा गाठा जो हाताने नडगी पुढे ओढून बघेल आणि मग गरज वाटल्यास एमआरआय सांगेल.

शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत उडी नाही, आणि नऊ महिने झाले म्हणून आपोआप उडी नाही. गच्चीवर खडूने रेघ मारा, एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरा, टेपने मोजा. दुखरा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्के अंतर गाठत नसेल तर आणखी थांबा. भाची माझे आकडे वहीत लिहायची: सातव्या महिन्यात ७१, आठव्यात ८०, नवव्यात ८६. दहाव्या महिन्यात ९३ आला तेव्हा तिनेच खाली जाऊन आजीला सांगितलं. आई म्हणाली, "तिकीट काढलं असन तिनं." काढलं होतं.